घरी केलेलं फळांचं पेय पाणचट किंवा कडू का होतं, आणि ते नीट कसं करायचं

सोलापुरात मार्च उजाडला की घरोघरी त्याच तक्रारी सुरू होतात. डाळिंबाचा रस काढला तर तो तुरट आणि कडवट झाला. लिंबू-सोड्यात साखर तळालाच बसली. कलिंगडाचं मॉकटेल स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत नेईतो पाणी-पाणी झालं. यात फळांचा दोष फार क्वचित असतो. मंडईत मिळणारी डाळिंबं, द्राक्षं, कलिंगडं चांगलीच असतात. बिघडतो तो क्रम. साखर सगळ्यात शेवटी पडते, सोडा मध्येच ओतला जातो, बर्फ सुरुवातीलाच मिक्सरमध्ये जातो आणि चव बघितली जाते ती पेय कोमट असताना.

म्हणून खाली क्रमानेच सगळं दिलंय. मुख्य पेय डाळिंबाचं घेतलंय, कारण सगळ्यात जास्त चुका त्यातच होतात आणि ते जमलं की बाकीची सोपी जातात. कैरी, कलिंगड आणि द्राक्षं पुढे येतील. ही सगळी पेयं बिनदारूची आहेत. ज्यांना घालायची असेल त्यांच्यासाठी एक छोटा भाग शेवटाकडे आहे.

आधी हाताशी काय हवं

मिक्सर, बारीक जाळीची स्टीलची गाळणी, लिंबू पिळणी, एक काचेचा किंवा स्टीलचा जग, लांब दांड्याचा चमचा, बर्फाचे दोन ट्रे. मापासाठी औषधाबरोबर येणारं छोटं झाकण चालतं, त्यावर मिलीच्या खुणा असतात. तेही नसेल तर चहाचा छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि पोह्यांचा मोठा चमचा म्हणजे १५ मिली धरा. शेकर विकत घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाची काचेची बरणी तेच काम करते.

इशारा: तांब्या-पितळेची किंवा ॲल्युमिनियमची भांडी यात वापरू नका. लिंबू, कैरी, कोकम, डाळिंब ही सगळी आंबट. आंबट पदार्थ तांब्याच्या भांड्यात राहिला की तांबं त्यात उतरतं, आणि त्याने मळमळ, उलट्या होऊ शकतात. ॲल्युमिनियममध्ये डाळिंबाचा रंगही बदलतो.

टप्पा १ : पाणी आणि बर्फ (आदल्या दिवशी)

पेयाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी आणि बर्फ असतो, आणि नेमकं त्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ते पिंपात किंवा टाकीत साठवलेलं असतं. हे पाणी पेयासाठी आणि बर्फासाठी, दोन्हींसाठी उकळूनच घ्या. खळखळून उकळी आली की एक-दोन मिनिटं तशीच ठेवा, झाकण ठेवून गार करा आणि तळाशी बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचं पाणी काढून घ्या.

बोअरचं पाणी शक्यतो टाळा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. त्यातले क्षार लिंबाचा आंबटपणा काही प्रमाणात मारतात. मग लिंबू कितीही पिळलं तरी चव येत नाही, आणि डाळिंबाच्या रसाचा लाल रंगही मळकट होतो. पुष्कळ लोक लिंबाला नावं ठेवतात, तेव्हा खरा दोष पाण्याचा असतो. फिल्टरचं पाणी असेल तर तेच घ्या.

बर्फाचे खडे जितके मोठे, तितके ते सावकाश वितळतात. ट्रेमधले खडे बारीक येत असतील तर छोट्या स्टीलच्या वाट्यांमध्ये बर्फ लावा. ट्रेवर झाकण किंवा स्वच्छ पिशवी घाला, कारण फ्रीजरमधल्या वाटणाचा आणि मटणाचा वास बर्फ सहज ओढून घेतो.

इशारा: बाहेरून बर्फाची लादी आणताना तो खाण्याचा बर्फ आहे का ते विचारा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर झाक दिसली तर तो ग्लासात घालू नका. बाटल्या बाहेरून गार करायला मात्र चालतो.

तपासा: बर्फाचा एक खडा अर्धा ग्लास पाण्यात टाका, वितळू द्या आणि ते पाणी पिऊन बघा. कसलाही वास किंवा चव लागली तर ट्रे रिकामा करा आणि पुन्हा लावा.

टप्पा २ : साखरेचा पातळ पाक (हाही आदल्या दिवशी)

थंड पाण्यात साखर नीट विरघळत नाही. ती तळाला बसते, वरचे घोट आंबट लागतात आणि शेवटचा घोट गोड मिट्ट होतो. त्यावर एकच इलाज आहे, साखर आधीच विरघळवून ठेवायची.

२०० ग्रॅम साखर (साधारण एक कप) आणि २०० मिली पाणी पातेल्यात घ्या. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा, एक उकळी येऊ द्या आणि लगेच गॅस बंद करा. तार बघायची नाही. हा गुलाबजामचा पाक नव्हे. एकतारी झाला तर तो थंड पेयात तळाशी दोरीसारखा पडून राहतो आणि मिसळायला त्रास देतो. पूर्ण गार झाल्यावर उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे सहज टिकतो. गढूळ झाला किंवा वर तवंग दिसला तर फेकून द्या.

पाक गरम असतानाच त्यात ठेचलेलं आलं, वेलदोड्याची सालं किंवा धुतलेल्या वाळ्याची जुडी टाकून झाकून ठेवता येते. तासाभराने गाळून घ्या. वाळ्याचा पाक लिंबाबरोबर फार छान लागतो. डाळिंबात मात्र तो घालू नये असं माझं ठाम मत आहे, दोघांचाही स्वाद झाकला जातो. डाळिंबासाठी गूळसुद्धा नको. रंग काळपट होतो आणि गुळाचीच चव वर येते.

टप्पा ३ : फळ निवडणं

डाळिंब आपल्याकडे जवळजवळ वर्षभर मिळतं, कारण बहार, म्हणजे झाडाला फुलं येण्याचे हंगाम, वेगवेगळे धरले जातात. आंबे बहाराची फळं साधारण जून ते ऑगस्टमध्ये येतात, मृग बहाराची डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, आणि हस्त बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. उन्हाळ्याच्या तोंडावर रसासाठी हीच शेवटची हाताशी असतात. बहुतेक माल ‘भगवा’ जातीचा असतो. दाणे गडद लाल, चव गोड, बी मऊ. त्यामुळे रसाला उत्तम.

पिकलेलं डाळिंब पूर्ण गोल नसतं. दाणे आतून भरले की सालीला कंगोरे येतात आणि बाजू किंचित चपट्या होतात. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. रसासाठी पहिल्या प्रतीचं, चकचकीत फळ घ्यायची गरज नाही. सालीवर वरवरचे डाग असलेलं फळ स्वस्त मिळतं आणि आतले दाणे बहुतेक वेळा शाबूत असतात. तडकलेलं फळ मात्र अजिबात नको, मग ते उन्हाने तडकलेलं असो की तेल्या रोगाने. त्या फटीतून बुरशी आणि किडे आत जातात.

लिंबू पातळ सालीचं कागदी घ्या. एका मध्यम लिंबातून ३ ते ४ छोटे चमचे रस निघतो. फ्रीजमधलं लिंबू तासभर बाहेर ठेवा आणि ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा, मग पिळा.

सगळी फळं कापण्याआधी धुवायची, सोलायची असली तरी. सुरी सालीवरून आत जाते आणि सालीवरचं सगळं आत नेते. कलिंगडाच्या बाबतीत हे सर्रास विसरलं जातं.

टप्पा ४ : डाळिंबाचा रस काढणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून सावकाश वाचा. एक किलो डाळिंबांतून, म्हणजे तीन-चार मध्यम फळांतून, साधारण ३०० ते ४०० मिली रस निघतो. चार ग्लासांना तो पुरतो.

क) फळ फोडणं. डाळिंबाला वरून खालपर्यंत आडवं-उभं सुरीने कापू नका, दाणे चिरडतात आणि ओटा लाल होतो. वरचा मुकुट बेताने गोल कापून काढा. आता कंगोरे दिसतात, त्यांच्यावरून सालीपुरतीच सुरी फिरवा, पाच-सहा चिरा होतील. खोल पातेल्यात गार पाणी घ्या, फळ त्यात बुडवा आणि पाण्याखालीच दोन्ही अंगठ्यांनी फोडा. बोटांनी दाणे सुटे करा. दाणे तळाला जातात आणि पांढरे पापुद्रे वर तरंगतात. ते वरच्या वर गाळणीने काढून टाका. हे पापुद्रे मिक्सरमध्ये गेले की रस कडू झालाच म्हणून समजा.

ख) बघणं. प्रत्येक फळाचे दाणे वेगळ्या वाटीत काढा आणि मगच मोठ्या भांड्यात घाला. बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या फळात कधी कधी आतला एक कप्पा तपकिरी, मऊ झालेला असतो. त्यातले दहा दाणे अख्ख्या किलोच्या रसाला आंबूस वास लावतात. अशा फळाचा बाधलेला कप्पा तेवढा काढून बाकीचं वापरण्याचा मोह होतो. तो टाळा, ते फळच बाजूला करा.

ग) दाणे निथळणं. चाळणीत दहा मिनिटं ठेवा. पाणी राहिलं तर रस तिथेच पातळ होतो.

घ) रस काढणं. दोन पद्धती सांगतो.

मिक्सर वापरायचा असेल तर जारमध्ये फक्त दाणे, अर्ध्यापर्यंत. पाणी नको, बर्फ नको, साखर नको. बटण उलट्या बाजूला फिरवून फक्त दोन-तीन झटके द्या, प्रत्येक झटका सेकंदभराचा. दाणा फुटला पाहिजे, बी फुटता कामा नये. बी भरडली गेली की तिच्यातला तुरटपणा रसात उतरतो आणि मग तो काढता येत नाही. मिक्सर एक नंबरवर मिनिटभर चालवणं ही या पेयातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, ती म्हणजे पुरणयंत्र. स्टीलचं असेल तर बारीक जाळी लावा, खाली पातेलं ठेवा, मूठमूठ दाणे घाला आणि सावकाश फिरवा. रस खाली, बिया वर. वेळ थोडा जास्त लागतो, पण बी भरडली जात नाही आणि रसाला फेसही कमी येतो.

च) गाळणं. गाळणीत ओता आणि चमच्याच्या पाठीने हलकं दाबा. शेवटचा थेंब काढण्यासाठी फडक्यात घालून पिळू नका, शेवटी येतो तो तुरट भाग. गाळलेला रस दहा मिनिटं फ्रीजमध्ये स्थिर ठेवा. खाली पांढरट साका बसेल, वर फेस येईल. फेस काढा आणि वरचा स्वच्छ रस दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

तपासा: एक चमचा रस जिभेवर घोळवा. जीभ आणि टाळू कोरडे पडल्यासारखे वाटले तर बी किंवा पापुद्रा आत गेलाय. पुढच्या टप्प्यात मीठ किंचित वाढवा, त्याने कडूपणा दबतो. साखर वाढवून तो जात नाही, नुसतं गोड-कडू होतं.

टप्पा ५ : जगात मिसळणं (अजून बर्फ नाही, सोडा नाही)

एका मोठ्या, ३०० मिलीच्या ग्लासाचं प्रमाण असं:

डाळिंबाचा रस ९० मिली
लिंबाचा रस १० मिली (दोन छोटे चमचे)
पातळ पाक १५ मिली (तीन छोटे चमचे)
सैंधव किंवा साधं मीठ एक चिमूट
भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धी चिमूट, हवी असल्यास

आधी लिंबाचा रस आणि मीठ एकत्र करा, मीठ पूर्ण विरघळू द्या. मग पाक, मग जिरेपूड, शेवटी फळाचा रस. ढवळा. हा झाला अर्क. हा किमान तासभर फ्रीजमध्ये ठेवा. कोमट अर्कावर बर्फ घातला की निम्मा बर्फ अर्क गार करण्यातच खर्ची पडतो, म्हणजे तेवढं पाणी पेयात जातं. पाणचटपणाचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

इशारा: मीठ आणि पादेलोण सोडा ओतण्याच्या आधीच विरघळलेलं हवं. सोड्यावर वरून कोरडं मीठ टाकलं की एकदम फेस उसळतो, ग्लास उतू जातो आणि उरलेल्या सोड्यातला जोर संपतो.

लिंबाबद्दल आणखी एक. पिळणी शेवटपर्यंत करकचून दाबू नका. सालीच्या आतला पांढरा भाग आणि बिया दाबल्या गेल्या की कडूपणा उतरतो. तो लगेच कळत नाही, तासा-दोन तासांनी वर येतो. म्हणूनच सकाळी करून ठेवलेलं सरबत दुपारी कडू लागतं. लिंबू अख्खं सालीसकट मिक्सरमध्ये फिरवण्याची पद्धत हल्ली बरीच दिसते. ते पेय ताबडतोब प्यायचं असेल तरच करा.

टप्पा ६ : चव गार असतानाच बघा

थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो. फ्रीजमधून काढलेला अर्क चमच्यात घ्या. तो तुम्हाला थोडा जास्त गोड, थोडा जास्त आंबट वाटला पाहिजे. बर्फ आणि सोडा पडल्यावर तो बरोबर होणार आहे. आत्ताच ‘अगदी बेताचा’ वाटला तर ग्लासात तो फिका पडेल.

नुसतं गोड लागतंय पण चव उठत नाही, असं झालं तर पाक वाढवू नका. आधी लिंबाचे चार थेंब, मग मिठाचे दोन कण. फळाची चव वर यायला दहापैकी आठ वेळा हेच लागतं. आंबट जास्त झालं तर पाक अर्धा-अर्धा चमचा वाढवत जा. एकदम नाही.

टप्पा ७ : ग्लास भरणं

क्रम असा: पुदिना, अर्क, बर्फ, सोडा.

पुदिन्याची पाच-सहा पानं ग्लासाच्या तळाशी ठेवा आणि लाटण्याच्या टोकाने दोनदा हलकं दाबा. वास सुटला की थांबा. पानांचा चोथा केला की रस हिरवा-काळा आणि कडवट होतो. मिक्सरमध्ये तर पुदिना नकोच. वरून गार अर्क ओता, बर्फाचे तीन-चार मोठे खडे घाला. शेवटी फ्रीजमध्ये गार केलेला सोडा ९० मिली, ग्लास तिरका धरून कडेने सोडा. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला, बस्स.

कोमट सोड्यात वायू टिकत नाही. बाटली उघडली की तो उडून जातो आणि मग कितीही ढवळलं तरी चरचर येत नाही. सोडा आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. बाटली उघडली की त्याच बैठकीत संपवा, म्हणून कमी माणसं असतील तर छोट्या बाटल्या घ्या. सोडा घातलेलं पेय बरणीत हलवू नका, झाकण उडतं.

सब्जा घालायचा असेल तर तो पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून, फुगल्यावरच घाला. कोरडा सब्जा ग्लासात टाकू नका, लहान मुलांच्या ग्लासात तर मुळीच नाही. घशात अडकू शकतो.

कैरीचं पन्हं : क्रम थोडा वेगळा

पन्ह्यात साखर किंवा गूळ गरम गरातच घालायचा असतो, इथे वेगळ्या पाकाची गरज नाही.

१. कैऱ्यांचे देठ कापून अर्धा तास पाण्यात ठेवा. देठाजवळचा चीक निघून जातो. तो राहिला की घसा खवखवतो.

२. अख्ख्या कैऱ्या कुकरच्या भांड्यात ठेवा. भांड्यात पाणी घालायचं नाही, कुकरच्या तळाशी मात्र हवं. तीन शिट्ट्या करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. भांड्यात पाणी घातलं तर कैरी फुटते आणि निम्मा आंबटपणा त्या पाण्यात उतरतो. उतरलाच असेल तर ते पाणी फेकू नका, पन्ह्यात वापरा.

३. हाताला सोसवेल इतकी गार झाली की साल काढा आणि सालीला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घ्या, सगळ्यात चांगला स्वाद तिथेच असतो. कोय पिळून काढा.

४. गर वाटीने मोजा. एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ किंवा साखर. कैरी फार आंबट असेल तर दोन वाट्या. गर गरम असतानाच घाला. गुळात बारीक खडे-कचरा असतो, त्यामुळे थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घातलेला बरा.

५. अर्धा छोटा चमचा मीठ, वेलचीपूड, आवडत असेल तर केशर. आता मिक्सरमधून एकदा फिरवा आणि गाळा.

गार झाल्यावर काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस राहतं. कोरडाच चमचा वापरा. एका ग्लासाला तीन मोठे चमचे गर आणि १५० मिली गार पाणी. पन्ह्यात सोडा मला पटत नाही. केशर-वेलचीचा वास बुडबुड्यांबरोबर उडून जातो. तिखट पन्हं करणार असाल, म्हणजे पादेलोण, जिरं, मिरपूड घालून, तर मात्र सोडा छान जमतो.

कलिंगड

यात मुळात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून पाणी आणि सोडा दोन्ही घालायचे नाहीत. काळ्या बिया काढा, फोडी मिक्सरमध्ये तीन-चार झटक्यांत फिरवा आणि जाड जाळीतून गाळा. २०० मिली रसाला १५ मिली लिंबू, चिमूटभर मीठ, पुदिना. पाक बहुधा लागतच नाही. बर्फाऐवजी कलिंगडाच्याच फोडी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवून वापरा, शेवटपर्यंत पाणचट होत नाही. हा रस अर्ध्या तासात वर पाणी, खाली गर असा वेगळा होतो. आयत्या वेळी करायचा आणि लगेच द्यायचा.

इशारा: कापलेलं कलिंगड एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. गाड्यावरच्या कापून ठेवलेल्या फोडी पेयासाठी आणू नका.

द्राक्षं

जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. पंढरपूर, बार्शी, नान्नज भागातला माल मुबलक येतो. लांबट सोनाका किंवा थॉम्सन घेतली तर पेय गोड आणि फिकट हिरवं होतं, काळ्या शरद द्राक्षांचा रंग सुंदर येतो. द्राक्षांवर फवारण्या होतात, म्हणून घड तसाच नळाखाली धरून भागत नाही. मणी सुटे करा, मोठ्या पातेल्यात पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. मिक्सरमधून काढून गाळा. द्राक्षाला लिंबू जास्त लागतं: १०० मिली रसाला २० मिली, पाक शून्य. आल्याचे दोन-चार थेंब घातले तर गोडवा बोचत नाही. हिरव्या द्राक्षांचा रस वीस-पंचवीस मिनिटांत तपकिरी पडतो, लिंबू लगेच मिसळलं तर रंग जास्त वेळ टिकतो.

जास्त माणसांसाठी करताना

चैत्रगौरीचं हळदीकुंकू, वाढदिवस, लग्नघरची दुपार, तीस-चाळीस ग्लास लागणार असतील तर अर्क आदल्या संध्याकाळी करा. फळाचा रस, पाक आणि पाणी सरळ पटीत वाढवा. मीठ, जिरेपूड, पादेलोण आणि आलं मात्र पटीत नाही. हिशोबाच्या दोन-तृतीयांशच घाला, चव बघा, मग वाढवा. लिंबू सकाळी मिसळा, रात्री नाही.

तोटी असलेल्या स्टीलच्या पिंपात अर्क आणि गार पाणी चालतं, बर्फ पिंपात नको. पहिल्या दहा जणींना छान मिळतं आणि शेवटच्या दहा जणींना पाणी. पिंप गार राहावं म्हणून बाहेरून नीट धुतलेल्या, पाणी भरून गोठवलेल्या घट्ट झाकणाच्या बाटल्या आत उभ्या करा. बर्फ प्रत्येकीच्या ग्लासात वेगळा घाला. सोडाही ग्लासातच.

दुधाच्या पेयांची याच्यात सरमिसळ करू नका. लिंबू-कैरी दुधात पडलं की दूध नासतं, आणि न शिजवलेला ताजा अननस घातला तर दूध थोड्याच वेळात कडवट होतं.

दारू घालायची असेल तर

टप्पा ५ चा अर्क तोच ठेवा. ३० मिली व्होडका, जिन किंवा पांढरी रम अर्क ओतल्यावर आणि बर्फाच्या आधी, थेट ग्लासात. सोडा तेवढाच कमी. जगात कधीही मिसळू नका. घरात मुलं असतात, रंग आणि वास तोच असतो आणि कुठला जग कुठला हे दहा मिनिटांत कुणाच्या लक्षात राहत नाही. महाराष्ट्रात अशा दारूसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. भर उन्हातून आलेल्या माणसाला हे देऊ नका, दारूने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. त्याला आधी मीठ-साखर-लिंबाचं साधं सरबत.

उरलेलं कसं ठेवायचं

बर्फ किंवा सोडा पडलेलं काहीही साठवायचं नाही. डाळिंबाचा गाळलेला रस काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये दोन दिवस, कलिंगडाचा त्याच दिवशी, द्राक्षाचा लिंबू घातलेला एक दिवस. फ्रीजमधल्या रसाला बुडबुडे आले, झाकण उघडताना फस्स आवाज झाला, तर तो आंबायला लागलाय, ओतून द्या.

जास्तीचा डाळिंबाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. हे लाल खडे साध्या लिंबू-सोड्यात बर्फ म्हणून घातले की पेय वितळता-वितळता पातळ होण्याऐवजी चवदार होत जातं. लिंबाचंही तसंच करता येतं. लिंबं स्वस्त असतात तेव्हा रस काढून, गाळून, ट्रेमध्ये गोठवा, खडे घट्ट पिशवीत भरा आणि पिशवीवर तारीख लिहा. तीन-चार महिने चांगले राहतात, आणि एप्रिलमध्ये लिंबू महागलं की एक खडा एका ग्लासाला पुरतो.